पुढची तारीख

महाबळेश्वरच्या एसटी स्टँडवर सकाळच्या वेळी दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एका तऱ्हेच्या माणसांच्या हातात जॅमच्या बाटल्या, चण्याची पाकिटं, अंगात नवे स्वेटर. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांकडे कापडदुकानाची पिशवी असते आणि पिशवीच्या तोंडातून स्कॅनच्या मोठ्या पाकिटाचा कोपरा बाहेर डोकावत असतो. पाकिटाला पावसाचा थेंब लागू नये म्हणून वर आणखी एक प्लास्टिक गुंडाळलेलं. ही माणसं वाई, सातारा नाहीतर पुण्याच्या गाडीची वाट बघत असतात. पर्यटक घाट चढून वर येतात, त्याच घाटानं ही मंडळी खाली उतरतात.

त्या पिशवीत एक फाइल असते. फाइलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट, रक्ताच्या चिठ्ठ्या, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि सगळ्यांत वरच्या कागदावर पेनानं लिहिलेली ऑपरेशनची तारीख. 2020 ते 2022 या काळात अशा कित्येक तारखांवर काट बसली. कुठे रुग्णालयाचं ऑपरेशन थिएटरच बंद होतं, कुठे भूलतज्ज्ञ कोविड वॉर्डात अडकलेले होते. आणि कुठे सगळं तयार असताना, दाखल होण्याच्या एक-दोन दिवस आधी केलेल्या चाचणीत पेशंटच पॉझिटिव्ह निघाला.

हा शेवटचा प्रकार सगळ्यांत गोंधळात टाकणारा. अनेकांना तापसुद्धा नसायचा. ‘वाट पाहणं’ या विषयावर लिहायचं ठरल्यावर या डोंगराकडे वळावंसं वाटलं ते त्यासाठी. अंगात गाठ आहे, ती काढायलाच हवी असं डॉक्टरांनीच सांगितलंय, आणि तेच डॉक्टर आता म्हणतायत, ‘मावशी, आता भूल देता येणार नाही. घरी जा, दीड-दोन महिन्यांनी या.’ मावशींनी या दीड-दोन महिन्यांचं करायचं काय?

विश्रांतीचा डोंगर

थांबण्यासाठी डोंगरावर येणं ही इथली जुनी रीत. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं 1828-29च्या सुमारास इथे वसाहत उभी केली ती मुख्यतः आजारी गोऱ्या सैनिकांना आणि अधिकाऱ्यांना थंड हवेत बरं होता यावं म्हणून. गावाच्या पेठेला त्याचंच नाव मिळालं, माल्कम पेठ. पुढे पाचगणीची हवा कोरडी, पाऊस महाबळेश्वरपेक्षा पुष्कळ कमी, हे लक्षात आल्यावर छातीच्या रोग्यांची पावलं तिकडे वळली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912मध्ये तिथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनटोरियम सुरू केलं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला 1943-44 उजाडावं लागलं. तोवर स्वच्छ हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि ठरावीक वेळचं चालणं, हेच उपचार. रोगी महिनोन्‌महिने राहायचे, आणि त्या राहण्यालाही शिस्त असायची. वजन मोजलं जायचं, तापाचा तक्ता भरला जायचा, किती पावलं चालायचं हेही ठरलेलं असायचं.

बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे गेलं. कोविडच्या साथीत त्याच रुग्णालयात कोविडच्या रुग्णांवर उपचार झाले. फुप्फुसांच्या एका साथीसाठी बांधलेली जागा शंभर वर्षांनी फुप्फुसांच्या दुसऱ्या साथीच्या उपयोगी पडली. डोंगराच्या पायथ्यापासून सांगलीकडे गेलं तर तिथेही हीच खूण सापडते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894मध्ये मिरजेत रुग्णालय उभारलं, आणि सांगली-मिरजेच्या मधे वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांचं आरोग्यधाम निघालं.

त्या जुन्या सॅनटोरियमचा तक्ता इथे आठवायचं कारण आहे. तारीख पुढे गेलेल्या कॅन्सर-पेशंटला घरी पाठवलं जातं तेव्हा त्याच्या हातात असा तक्ता सहसा नसतो. ‘आराम करा’ एवढंच सांगितलं जातं.

सात आठवड्यांचा हिशेब

ऑपरेशन पुढे ढकलण्यामागे डॉक्टरांची नुसती सावधगिरी नव्हती. पहिल्या लाटेतच आकडे समोर आले होते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातून चालवल्या गेलेल्या ‘कोविडसर्ज’ या गटानं 24 देशांतल्या 235 रुग्णालयांची माहिती गोळा केली. शस्त्रक्रियेच्या आगेमागे ज्यांना कोविड झाला अशा 1,128 रुग्णांपैकी 23.8 टक्के रुग्ण महिन्याभरात दगावले, आणि निम्म्याहून थोड्या अधिक जणांना फुप्फुसांचा काही ना काही त्रास झाला. मे 2020मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं तेव्हा जगभरच्या सर्जनांनी हात आखडले. यात तातडीची ऑपरेशनंही मोठ्या संख्येनं होती हे खरं, पण इशारा स्पष्ट होता.

असं का होतं, याचं उत्तर भूल देण्याच्या पद्धतीत आहे. मोठ्या ऑपरेशनला पूर्ण भूल देतात. घशातून श्वासनलिकेत नळी घालतात आणि काही तास यंत्र श्वास देतं. उताणं पडलेल्या माणसाच्या फुप्फुसाचे खालचे भाग दबतात, कफ साचतो. शुद्धीवर आल्यावर टाके दुखतात म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. चांगल्या फुप्फुसाला हे सोसतं. कोविडची सूज अजून उतरलेली नसेल तर तेच फुप्फुस न्यूमोनियाच्या वाटेला लागतं. दुसरं म्हणजे रक्ताच्या गुठळ्या. कोविडमध्ये रक्त गोठण्याचा कल वाढतो, कॅन्सरमध्येही वाढतो, आणि ऑपरेशननंतर पडून राहिल्यानंही वाढतो. तिन्ही एकदम आलं की पायातली गुठळी फुप्फुसात जाण्याची भीती दाट होते.

मग थांबायचं किती? याच गटानं ऑक्टोबर 2020मध्ये 116 देशांतल्या 1,674 रुग्णालयांत ऑपरेशन झालेल्या 1,40,231 रुग्णांची नोंद ठेवली. कोविड न झालेल्यांत महिन्याभरातल्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्का होतं. कोविडचं निदान होऊन दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत ते 4.1 टक्के, तीन-चार आठवड्यांनी 3.9, पाच-सहा आठवड्यांनी 3.6. सात आठवडे उलटल्यावर मात्र ते पुन्हा दीड टक्क्यावर आलं. म्हणजे हजारात 41 आणि हजारात 15 असा हा फरक. ‘सात आठवडे’ हा शब्द तिथून सगळीकडे पसरला आणि सातारा-सांगलीच्या ओपीडीपर्यंत ‘दीड-दोन महिने’ होऊन पोचला.

त्याच अभ्यासातली एक ओळ मात्र वाटेत गळून पडली. सात आठवड्यांनंतरही ज्यांची धाप, खोकला गेला नव्हता, त्यांच्यात धोका सहा टक्के होता. ज्यांना लक्षणंच नव्हती त्यांच्यात तो 1.3 टक्के. म्हणजे कॅलेंडरवरचे दिवस मोजण्याइतकंच छातीकडे बघणंही गरजेचं होतं. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी डिसेंबर 2020मध्ये याच अंगानं पायऱ्या पाडल्या. लक्षणं नसलेल्याला चार आठवडे, खोकला-धाप असलेल्याला सहा, मधुमेह असलेल्याला किंवा रुग्णालयात राहावं लागलेल्याला आठ ते दहा, अतिदक्षता विभागातून परतलेल्याला बारा.

तोवर गाठ थांबते का?

घरी परतलेल्या बाईच्या मनात प्रश्न हाच असतो, आणि तो विचारायला तोंड उघडत नाही. कारण उत्तराची भीती वाटते.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं नोव्हेंबर 2020मध्ये 34 अभ्यास एकत्र करून याचं उत्तर मांडलं. त्यांत साडेबारा लाखांहून अधिक रुग्ण होते. ऑपरेशन चार आठवडे लांबलं तर मृत्यूची जोखीम 6 ते 8 टक्क्यांनी वाढते, असा त्याचा मथितार्थ. हा आकडा वाचून पुष्कळांची झोप उडाली, म्हणून तो नीट समजून घेतलेला बरा. मुळात शंभरातल्या वीस जणांना धोका असेल, तर चार आठवड्यांच्या उशिरानं तो साधारण एकवीस-बावीस जणांना होतो. शंभरातले आणखी आठ जण दगावतात असा त्याचा अर्थ नाही. पण फरक नाही असंही नाही. चाराचे आठ, आठाचे बारा आठवडे झाले की तो साचत जातो.

शिवाय सगळ्या गाठी एका चालीच्या नसतात. थायरॉइडचे बरेचसे कॅन्सर आणि प्रोस्टेटचे सुरुवातीचे काही कॅन्सर इतके सावकाश वाढतात की दोन महिन्यांनी फारसं बिघडत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये गाठ हार्मोनला दाद देणारी असेल, तर रोज एक गोळी देऊन काही आठवडे तिला रोखून धरता येतं. साथीच्या काळात जगभर हा उपाय पूल म्हणून वापरला गेला. त्यासाठी बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर आणि पीआर या दोन अक्षरजोड्यांपुढे काय लिहिलंय ते बघावं लागतं. आपल्या फाइलमध्ये ते आहे हे बहुतेक बायकांना माहीतच नसतं.

तोंडाचा कॅन्सर मात्र घाईचा. सातारा-सांगली पट्ट्यात तो पुरुषांत गायछाप आणि गुटख्यातून येतो, बायकांत मिश्रीतून. राज्यात गुटख्यावर 2012पासून बंदी आहे; मिश्री तर घरातच तव्यावर भाजली जाते. गालाच्या आतली जखम सात आठवड्यांत जबड्यापर्यंत पोचू शकते. अशा रुग्णांना थांबवावं लागलं तर मधल्या काळासाठी तोंडानं घ्यायच्या कमी डोसच्या गोळ्या हा एक पर्याय होता. मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या दोन स्वस्त गोळ्यांची जोडी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं बऱ्याच आधीपासून अभ्यासली होती, ती ऑपरेशन शक्य नसलेल्या रुग्णांसाठी. ऑपरेशनची जागा ती घेत नाही.

आतडं बंद करू लागलेली गाठ, सतत रक्त जाणारी गाठ, श्वासनलिकेवर दाब आणणारी गाठ यांना सात आठवड्यांचा नियम लागूच होत नाही. तिथे कोविड अंगात असतानाही सर्व काळजी घेऊन ऑपरेशन करावं लागतं.

थोडक्यात, तारीख पुढे ढकलताना दोन घड्याळं बघितली जातात. एक फुप्फुसाचं, दुसरं गाठीचं. कुठलं जोरात चालतंय हे पेशंटगणिक बदलतं. पेशंटला मात्र बहुधा एकाच घड्याळाबद्दल सांगितलं जातं.

नदी जाते त्या वाटेनं

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा वाईला जाते, वेण्णा तिला साताऱ्याजवळ माहुलीला भेटते, कोयना दक्षिणेकडे जाऊन वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेत मिसळते. मग कृष्णा सांगलीला. या तालुक्यातल्या कॅन्सर-रुग्णाची वाटही जवळपास हीच आहे. तपासणी वाईला किंवा साताऱ्याला, ऑपरेशन कराडच्या कृष्णा रुग्णालयात नाहीतर मिरजेच्या सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालयात. ज्यांचं कुणी मुंबईत माथाडी कामगार किंवा नोकरदार आहे, ते परळला टाटामध्ये जातात.

मुळात ही वाट लांब. तालुक्याच्या आतल्या कांदाटी खोऱ्यातून यायचं तर आधी कोयनेच्या शिवसागर जलाशयातून लाँच, मग तापोळा, मग घाट. फोनला रेंज हवी तर टेकडीवर चढायचं. रुग्णालयातून ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, येऊ नका’ असा निरोप यायचा तेव्हा कित्येक जण आधीच वाटेला लागलेले असायचे.

साथीत ही वाट आणखी अवघड झाली. मार्च 2020च्या शेवटच्या आठवड्यात साताऱ्यात आणि सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात पहिले रुग्ण सापडले, आणि जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या. मिरजेचं सरकारी रुग्णालय कोविडला दिलं गेलं. जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा. तो सप्टेंबर 2020मध्ये रद्द झाला आणि एप्रिल 2021मध्ये परत आला. एप्रिल 2020मध्ये एका बड्या वित्तकंपनीच्या प्रवर्तक कुटुंबासह 23 जण मंत्रालयातल्या अधिकाऱ्याच्या पत्रावर मोटारींतून महाबळेश्वरला येऊन राहिले, त्याची देशभर बातमी झाली. त्याच आठवड्यांत खाली उतरायला निघालेल्या पेशंटला नाक्यावर फाइल उघडून दाखवावी लागत होती.

दुसरी लाट इथे लवकर ओसरली नाही. ऑगस्ट 2021च्या सुरुवातीला राज्यानं निर्बंध सैल केले तेव्हा ज्या 11 जिल्ह्यांत ते कायम ठेवले, त्यांत सातारा आणि सांगली दोन्ही होते. त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी, 22 आणि 23 जुलैच्या दरम्यान, महाबळेश्वरात चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. आंबेनळी घाट खचला, दरडी आल्या, खाली सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. कोविडमधून सावरून ज्यांची नवी तारीख जुलैअखेरची होती, त्यांची ती तारीख दरडीखाली गेली.

देशाच्या पातळीवर याचा एक हिशेब उपलब्ध आहे. राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमधल्या 41 केंद्रांत मार्च ते मे 2019मध्ये 17,120 मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. 2020च्या त्याच तीन महिन्यांत झाल्या 8,677. नवीन रुग्णांची नोंदणी 54 टक्क्यांनी घटली. कॅन्सर कमी झाले नव्हते. माणसं पोचलीच नव्हती.

याच काळात टाटा मेमोरियलनं काम चालू ठेवलं होतं. 23 मार्च ते 30 एप्रिल 2020 या दिवसांत तिथे कॅन्सरच्या 494 नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत एकही मृत्यू झाला नाही. ऑपरेशननंतर सहा जण पॉझिटिव्ह निघाले, तेही बरे झाले. रुग्णांची नीट निवड, वेगळे विभाग आणि पाळ्यांनी काम करणारा कर्मचारीवर्ग असेल, तर साथीतही काम चालवता येतं हे त्यातून दिसलं. ‘सरसकट थांबवा’ या सल्ल्याला भारतातून मिळालेलं हे उत्तर होतं.

मधल्या दिवसांतलं काम

आता त्या सात आठवड्यांकडे येऊ. भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी तपासतात त्याला रुग्णालयाच्या भाषेत ‘फिटनेस’ म्हणतात. ‘फिटनेस मिळाली नाही’ हे वाक्य सातारा ते मिरज सगळीकडे ऐकू येतं. ती कशावर मिळते? हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख. आणि एक साधा प्रश्न: न थांबता दोन जिने चढता का?

महाबळेश्वर तालुक्यातल्या वाडीवर जिने नसतात. पण पाणवठ्यापासून घरापर्यंत चढ असतो, खाचरापासून गोठ्यापर्यंत असतो. कोविडच्या आधी हा चढ किती दमात जमायचा आणि आता किती दमात जमतो, ही घरच्या घरी करता येणारी फिटनेसची परीक्षा आहे. दुसऱ्या लाटेत राज्याच्या आरोग्य विभागानं सहा मिनिटं चालण्याची चाचणी घरोघर पोचवली होती. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघायचा, सपाट जागेवर सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचं. आकडा 93च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त उतरला, तर डॉक्टरांना कळवायचं. आशाताईंकडे तेव्हा आलेले ऑक्सिमीटर अजूनही कित्येक गावांत आहेत.

दुसरं काम श्वासाचं. तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतं. ते घेऊन गेलेले निम्मे लोक त्यात फुंकतात. ते फुंकायचं नसतं, नळी ओठांत धरून श्वास सावकाश आत ओढायचा असतो, आणि चेंडू वर आला की दोन-तीन सेकंद धरून ठेवायचा असतो. एवढं एकदा कुणी दाखवलं की बाकी सराव घरी होतो. यंत्र नसेल तर उशी छातीशी धरून खोल श्वास आणि जोरदार खोकला, हा सरावही ऑपरेशननंतर कामाला येतो.

तिसरं, मिश्री आणि तंबाखू. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020मध्ये सांगितलं की धूम्रपान करणाऱ्यानं ऑपरेशनच्या चार आठवडे आधी सोडलं तर भूल आणि जखमेच्या अडचणी कमी होतात, आणि त्यापुढचा प्रत्येक आठवडा फायद्याचा ठरतो. पुढे गेलेल्या तारखेनं हे चार आठवडे आपसूक दिलेले असतात. तोंडात तंबाखूची गोळी धरणाऱ्यालाही हाच सल्ला आहे, विशेषतः जखम तोंडातच असेल तर.

चौथं जेवण. कॅन्सर कळल्यावर पहिला हल्ला ताटावर होतो. ‘साखरेनं गाठ वाढते’, ‘अंडं उष्ण पडतं’, ‘दूध बंद करा’. कोविडनं आधीच अंग उतरलेलं असतं, वर हे. ऑपरेशनची जखम भरायला प्रथिनं लागतात. दोन अंडी, वाटीभर घट्ट डाळ, घेवड्याची उसळ, मूठभर शेंगदाणे, नाचणीच्या भाकरीबरोबर दूध किंवा ताक, यातलं जमेल ते रोज पोटात जावं. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून लिहून ठेवावं. ते सतत उतरत असेल तर ती माहिती डॉक्टरांना तारखेआधीच हवी असते. कोविडसाठी स्टिरॉइड घेतली असतील तर साखरही तपासायला हवी, कारण मधुमेह नसलेल्यांचीही साखर त्या गोळ्यांनी चढते. मे 2021मध्ये म्युकरमायकोसिसची साथ उसळली तेव्हा वाढलेली साखर आणि स्टिरॉइड या दोन गोष्टी पुनःपुन्हा समोर आल्या होत्या.

पाचवं काम टाळायचं आहे. तारीख पुढे गेली की गावात औषधवाले प्रकट होतात. कुणी झाडपाला देतो, कुणी गाठ विरघळवणारी पावडर. पुडीत काय आहे हे सांगितलं जात नाही. यकृत बिघडलं किंवा रक्त पातळ झालं तर नव्या तारखेलाही फिटनेस मिळत नाही.

घरातल्या घरात

कोविडची पहिली दोन वर्षं विसरून चालणार नाही, कारण तेव्हा एका घरावर दोन कुजबुजी एकाच वेळी आल्या. कॅन्सरला गावात अजून नाव नाही. ‘तसली गाठ’, ‘तो आजार’ असंच म्हणतात. त्यात पॉझिटिव्ह निघालं की आशाताई दारात, विलगीकरण शाळेत, शेजारच्या जावेची ये-जा बंद. ज्या बाईला ऑपरेशनआधी माहेरची माणसं हवी होती, तिला सतरा दिवस एका खोलीत एकटीनं काढावे लागले. जानेवारी 2022मध्ये हा काळ सात दिवसांवर आला. पण सुरुवातीच्या लाटांत ज्यांनी तो भोगला, त्यांच्या लक्षात ऑपरेशनपेक्षा ती खोलीच जास्त राहिली.

अपराधीपणा हा या घरांतला मोठा पाहुणा. मुंबईहून आलेल्या मुलामुळे आईला कोविड झाला आणि तिचं ऑपरेशन हुकलं, असा हिशेब घरात न बोलता मांडला जातो. मुलगा गप्प, आई त्याच्यासाठी गप्प. मानसोपचाराची सोय तालुक्याला फारशी नाही, पण एक गोष्ट कुणालाही करता येते. मुलानं डॉक्टरांशी बोलताना आईला शेजारी बसवायचं आणि फोन स्पीकरवर ठेवायचा. मार्च 2020च्या टेलिमेडिसिन नियमांनी फोनवरून सल्ला देणं रीतसर झालं आहे. आपल्या गाठीबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि आपल्याला नाही, ही भावना त्यानं पुष्कळ कमी होते.

शेतीचा हिशेबही असतोच. या तालुक्यात स्ट्रॉबेरीची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतात आणि फळ थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. नवी तारीख डिसेंबरात पडली की घरातली बाई पहिला विचार तोडणीचा करते आणि स्वतःच ती आणखी पुढे ढकलायला बघते. डॉक्टरांनी ढकललेली तारीख आणि घरानं ढकललेली तारीख यांत फरक आहे. पहिलीमागे मोजमाप असतं. दुसरीमागे कामाची घाई असते, आणि तिची किंमत त्या बाईच्या अंगावर पडते.

फाइलचं पहिलं पान

आज परिस्थिती निवळली आहे. लस झाली, विषाणूही बदलला. अमेरिकेतल्या त्याच भूलतज्ज्ञांनी 2023मध्ये सल्ला सुधारला. आता नियोजित ऑपरेशन निदान दोन आठवडे पुढे ढकलावं, दोन ते सात आठवड्यांच्या मधे पेशंट बघून ठरवावं. कॅन्सरच्या बाबतीत तर वाट बघण्याची जोखीम आणि ऑपरेशनची जोखीम समोरासमोर ठेवूनच निर्णय होतो. तरीही ताप, खोकला, फ्लू किंवा कोविड यांमुळे तारखा आजही पुढे जातात, आणि पेशंटला मिळणारी सूचना अजूनही ‘आराम करा’ हीच असते.

म्हणून ज्यांच्या घरात अशी फाइल आहे त्यांनी एक कोरा कागद घेऊन तो फाइलच्या सगळ्यांत वर लावावा. त्यावर पॉझिटिव्ह आल्याची तारीख, ताप शेवटचा कधी आला ती तारीख, आणि धाप पूर्ण गेली ती तारीख लिहावी. त्याखाली डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहावेत. माझी गाठ सावकाश वाढणारी आहे की घाईची? मधल्या काळासाठी एखादी गोळी किंवा दुसरा उपचार आहे का? नव्या तारखेआधी स्कॅन पुन्हा करायचा का? कोविडची चाचणी पुन्हा हवी का? (बरं झाल्यावरही आरटीपीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, तेव्हा नुसत्या त्या कागदावरून तारीख दुसऱ्यांदा जाऊ देऊ नये.) महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं की मंजुरी तीच चालेल की नव्यानं घ्यावी लागेल.

शेवटी त्या कागदावर लाल पेनानं लिहावं, कशाची वाट बघायची नाही ते. गाठीतून रक्त येऊ लागलं, श्वास घेताना आवाज येऊ लागला, घास गिळेना, उलट्या होऊन पोट फुगलं आणि शौचाला होईना, एक पोटरी सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली, तर पुढची तारीख आठ दिवसांवर असली तरी थांबू नये. 108ला फोन करावा आणि जवळच्या रुग्णालयात जावं.

आणि नवी तारीख जी काही मिळेल ती तोंडी घेऊ नये. डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावी, खाली विभागाचा फोन नंबर घ्यावा, आणि तारखेच्या आठवडाभर आधी आपणच फोन करावा. पावसाळा असेल तर दोन दिवस आधी घाट उतरून वाईला किंवा साताऱ्याला कुणा नातेवाइकाकडे मुक्कामाला जावं.